दिवसभर बसून काम, रोज चालणंही होतं. तरी अंग का धरतं आणि धाप का लागते?

प्रश्न थोडक्यात असा: वय अडतीस. रोज नऊ-दहा तास संगणकासमोर. सकाळचं अर्धा तास चालणं सहसा चुकत नाही. तरीही दुपारनंतर मान आणि कंबर धरते, दोन जिने चढले की धाप लागते, पँट कमरेत घट्ट होत चालली आहे. आता चालणं वाढवावं, उभं राहून काम करायचं टेबल घ्यावं, की जिम लावावी?

या तिन्हींच्या आधी करायचं काम म्हणजे सलग बसणं मोडणं. त्यानंतर ताकदीचा व्यायाम. चालणं आहे तेवढं सध्या राहू द्या आणि टेबलाचा विचार सगळ्यात शेवटी करा. हा क्रम का, ते सांगतो.

व्यायाम करणं आणि बसून न राहणं ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात पूर्ण वळती होत नाही. मांड्या आणि कुल्ले हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू. आपण बसलो की ते जवळजवळ बंद पडतात. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतो. तो स्वस्थ पडला असेल तर जेवणानंतरची साखर जास्त वेळ रक्तात फिरत राहते. रक्तातली चरबी फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकरही निष्क्रिय स्नायूत मंदावतं. पोटरीचं काम तर अक्षरशः पंपाचं आहे: ती आवळली की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तीन तास पाय हलले नाहीत तर संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर उमटतो, त्याचं कारण हेच. सकाळी सात वाजता चाललेला अर्धा तास दुपारी तीनला पंप चालवायला येत नाही.

बसण्याच्या तोट्याकडे लक्ष गेलं तेही व्यायामशाळेमुळे नव्हे, बसमुळे. ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पुढे त्यांनीच गणवेशाची मापं तपासली, तेव्हा दिसलं की ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर मुळातच मोठा होता. म्हणजे सगळा दोष सीटचा नव्हता. ही दुसरी बाजूही लक्षात ठेवलेली बरी, कारण ‘बसणं म्हणजे विष’ छापाचे मथळे माणसाला घाबरवतात आणि हलवत मात्र नाहीत.

आकडाच हवा असेल तर हा घ्या. दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचं २०१६ साली एकत्रित विश्लेषण झालं. रोज आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये मृत्यूचा जो वाढीव धोका दिसतो, तो रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम जोराची हालचाल करणाऱ्यांमध्ये दिसेनासा झाला. तीस मिनिटं वाया जात नाहीत, पण पुरतही नाहीत. उरलेली अर्धी भर कामाच्या वेळातूनच काढायची आहे.

सलग बसणं कसं मोडायचं

दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालणं उत्तम. नोकरीत ते बहुतेकांना जमत नाही, म्हणून त्याच्या मागे लागू नका. दर ३० ते ४० मिनिटांनी दोन मिनिटं, एवढं धरा. नऊ तासांत बारा वेळा उठलात तर २४ मिनिटं होतात. साधारण चालीला मिनिटाला शंभर पावलं पडतात, म्हणजे घाम न येता, कपडे न बदलता दोन हजार चारशे पावलं.

बहुतेक लोक इथे मोबाइलचा गजर लावतात आणि चौथ्या दिवसापासून तो न बघताच बंद करू लागतात. गजर वाजतो तेव्हा डोकं कामात गुंतलेलं असतं, त्यामुळे तो शत्रूच वाटतो. त्यापेक्षा उठणं कामाच्या सांध्यांना बांधा. फोन आला की उभं राहायचं आणि संपेपर्यंत बसायचं नाही. मोठी मेल पाठवली की उठायचं. पाण्याची लिटरची बाटली टेबलावर ठेवायची नाही, लहान पेला ठेवायचा. तो संपला की भरायला जावं लागतं आणि पाणी प्यालं की आणखी एका कारणासाठीही जावं लागतं. शक्य असेल तर वरच्या किंवा खालच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह वापरा. ऑनलाइन मीटिंगमध्ये जिथे फक्त ऐकायचं आहे, तिथे उभे राहा.

उठल्यावर कुठे जायला जागा नसेल तर जागेवरच: टेबलाला बोटं टेकून टाचा वर-खाली २० वेळा, खुर्चीतून उठबस १० वेळा, मग हात डोक्यावर ताणून तीन सावकाश श्वास. मिनिट-दीड मिनिटात होतं. मीटिंगमधून उठताच येत नसेल तर बसल्या जागी टाचा उचलत राहा. उठण्याइतका फायदा नाही, पण निदान पंप चालू राहतो.

रोज दहा हजार पावलांचा जो आकडा सगळे सांगतात, तो वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मापक’ असा होता. आकडा तोंडात बसला. मृत्यूच्या धोक्याच्या हिशेबात साठीच्या आतल्यांना आठ ते दहा हजारांपर्यंत आणि त्यापुढच्या वयात सहा ते आठ हजारांपर्यंत फायदा वाढताना दिसतो, मग आलेख सपाट होत जातो. तुमची आठवड्याची सरासरी साडेचार हजार असेल तर पुढचं लक्ष्य साडेपाच हजार ठेवा, एकदम दहा नाही.

खुर्ची आणि टेबल

मान-कंबरेच्या तक्रारीत निम्मा गोंधळ खुर्ची चुकीच्या क्रमाने लावल्याने होतो. पाय जमिनीला टेकावेत म्हणून लोक आधी खुर्ची खाली करतात. मग टेबल उंच पडतं, खांदे कानांकडे सरकतात आणि मानेचे स्नायू दिवसभर हात उचलून धरायची हमाली करतात. क्रम उलटा हवा.

आधी बूड पार मागे, पाठीला टेकेपर्यंत सरकवा. खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाका आणि खुर्ची इतकी वर घ्या की कोपर टेबलाच्या पृष्ठभागाला जुळेल. आता पाय लोंबकळत असतील तर खाली पायपाट किंवा एखादं घट्ट खोकं ठेवा. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा हवी. कड तिथे रुतली तर पायाला मुंग्या येतात. कमरेचा आधार पट्ट्याच्या किंचित वर, जिथे पाठ आत वळते तिथे. खास उशी नसेल तर टॉवेलची गुंडाळी चालते. पाठ काटकोनात ताठ ठेवू नका, मांड्यांशी १०० ते ११० अंशांचा कोन होईल इतकी मागे झुकू द्या. मग पडदा: हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या भिंगातून वाचायला हनुवटी उचलत बसाल आणि मान मागून दुखेल.

लॅपटॉपची मात्र मुळातच अडचण आहे. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एक बरोबर उंचीवर आला की दुसरा चुकतो. वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडा आणि लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा. खुर्चीवर मोठा खर्च करण्याआधी एवढं करून बघा.

हे सगळं जुळवलं तरी एकाच स्थितीत तासभर राहिलं की कुठलीही स्थिती दुखतेच. ‘सरळ बस’ म्हणून ताठ बसणारा वीस मिनिटांत दमतो आणि नंतर दुप्पट पोक काढतो. मागे रेला, पुढे या, एक पाय पुढे टाका, बदलत राहा. उभ्या टेबलाचा खरा उपयोगही एवढाच: बदल. उभं राहिल्याने बसण्यापेक्षा तासाला आठ-नऊच कॅलरी जास्त खर्च होतात, त्यामुळे पोट कमी होईल या आशेने ते घेऊ नका. दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगू शकतात आणि कंबर वेगळ्या कारणाने दुखू शकते. घेतलंच तर सुरुवातीला एका वेळी १५-२० मिनिटं, गुडघे मागे ताठ न ठेवता.

ताकदीचा व्यायाम

चालणाऱ्या माणसाच्या दिनक्रमात हमखास नसतो तो हा भाग, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. तिशीनंतर वापर नसेल तर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात. वजनकाटा तोच राहतो, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते. सपाट रस्त्यावर चालल्याने हे थांबत नाही. स्नायूला सवयीपेक्षा जास्त भार मिळाल्याशिवाय तो वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामासोबत किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. लोक पहिला आकडा पाठ करतात आणि दुसरा विसरतात.

जिम लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, २५ मिनिटं. प्रकार पाच: खुर्चीतून उठबस, टेबलाच्या कडेवर हात टेकून जोर, रबरी पट्टा दाराच्या मजबूत कडीत अडकवून स्वतःकडे ओढणं, पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणं आणि उठणं, जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून टाचा उचलणं. प्रत्येकाचे ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. शेवटी कुशीवर, कोपरावर शरीर तोलून दोन्ही बाजूंना २० सेकंद.

उठबस सोपी दिसते म्हणून ती नीट सांगतो. बाकीचे चार प्रकारही याच शिस्तीने करायचे.

चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलं खुब्याइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, बोटं जराशी बाहेर. हात छातीवर घडी करून. आता छाती पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. पाठ मात्र गोल करायची नाही, वाकायचं ते खुब्यातून. टाचांनी जमीन ढकलत उठा, श्वास सोडत. वर आल्यावर कुल्ले आवळा. बसताना मनात तीन मोजत खाली या. बूड धपकन टाकू नका. ताकद उतरतानाही कमावली जाते, आणि लोक नेमका तोच भाग सोडून देतात. उठताना गुडघे आत, एकमेकांकडे झुकत असतील तर कुल्ल्यांच्या बाजूचे स्नायू कच्चे आहेत. गुडघ्यांच्या वर एक सैल रबरी पट्टा बांधा आणि तो बाहेर ताणून ठेवत उठा. गुडघ्याच्या वाटीपुढे दुखलं तर बैठकीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि तेवढ्याच टप्प्यात काम करा. बारा वेळा सहज होऊ लागलं की पाठपिशवीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून ती छातीशी धरा. त्याच्याही पुढे एक पाऊल दुसऱ्याच्या थोडं पुढे ठेवा, म्हणजे मागच्या पायावर भार येईल.

किती जोर लावायचा? ‘अजून दोन-तीन निघाले असते’ असं वाटेल तिथे थांबा. दहा अजून निघाले असते असं वाटत असेल तर भार कमी आहे. पहिल्या आठवड्यात २४ ते ७२ तासांनी मांड्या भरून येतील, जिना उतरताना जाणवेल. ती रग आहे, इजा नाही. सांध्यातलं टोचणारं दुखणं, व्यायाम चालू असतानाच वाढणारं दुखणं किंवा सूज ही वेगळी गोष्ट. तिथे तो प्रकार थांबवायचा.

धाप

तुमचं रोजचं चालणं बहुधा फार आरामाचं आहे. कसोटी सोपी: बोलता यावं, गाता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर ते फिरणं झालं. तीच ३० मिनिटं ठेवा, पण आठवड्यातून तीन दिवस त्यात एक मिनिट झपाझप आणि दोन मिनिटं नेहमीच्या चालीने, असं आठ वेळा करा. शिवाय कामाच्या वेळात दिवसातून तीनदा एक मजला न थांबता, थोडा वेग घेऊन चढा. दोन आठवड्यांनी दोन मजले. गुडघे कुरकुरत असतील तर चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट. उतरताना वाटीवर जास्त ताण येतो. दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत परतण्याआधी दहा मिनिटं चाललात तर साखरेची उसळी कमी होते आणि तीन वाजताची पेंगही बरीच हटते.

ताण देण्याच्या व्यायामांवर फार शब्द घालवत नाही. खुब्याचा पुढचा भाग ताणायला एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, कुल्ले आवळून ३० सेकंद. आणि खुर्चीच्या पाठीवरून हात मागे टाकून छाती उघडणं. बरं वाटतं, पण तासाभराने पुन्हा आखडतं. टिकाऊ आराम ताकदीने येतो. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट दूर बघणं पुरेसं.

पोट

वजनापेक्षा घेर मोजा. शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा: उंची १७० सेंटिमीटर तर ८५ च्या आत. चोवीस मिनिटांच्या उठण्याने पोट उतरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ते मुख्यतः ताटात ठरतं. बैठ्या माणसाचं गणित बहुतेक वेळा कामाच्या टेबलावरच्या खाण्याने बिघडतं, कारण पडद्याकडे बघत खाल्लेलं पोटाच्या हिशेबात धरलंच जात नाही. टेबलावर खाणं बंद, एवढा एकच नियम महिनाभर पाळा. स्नायूंसाठी वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पुरतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आधी डॉक्टरांकडे कोणी जायचं

चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, किंवा पूर्वी नव्हती अशी अचानक वाढलेली धाप असेल तर वरचं काहीही सुरू करू नका, आधी तपासणी. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं आलं तर शिरेत गुठळी असू शकते. ती चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेभोवती बधिरपणा किंवा पायातली शक्ती कमी होत जाणं ही तातडीची लक्षणं आहेत. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता मोठी आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायाम वाढवताना मात्रेबद्दल विचारा आणि जवळ काहीतरी गोड ठेवा.

सुरुवात करताना होणारी मोठी चूक म्हणजे सगळं एका सोमवारी चालू करणं. पहिले दोन आठवडे फक्त उठणं आणि खुर्ची. तिसऱ्या आठवड्यापासून ताकदीचे दोन दिवस, एकेकच फेरी. दोन फेऱ्या चौथ्यापासून. वेगाचं चालणं आणि जिना पाचव्यापासून. आज एक मोजमाप करून ठेवा: हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत खुर्चीतून पूर्ण किती वेळा उठता येतं. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषांसाठी १४ पेक्षा कमी आणि स्त्रियांसाठी १२ पेक्षा कमी हे सरासरीखाली धरतात. अडतीसाव्या वर्षी तुम्ही त्याच्या आसपास असाल तर चालणं वाढवायचं की ताकद, हा प्रश्न उरत नाही. दर चार आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. मध्ये ताप किंवा प्रवासामुळे दहा-बारा दिवस खंड पडला तर परतल्यावर भार आणि फेऱ्या दोन्ही निम्म्यावर आणा. खंड भरून काढायला पहिल्याच दिवशी दुप्पट करणारे पुढचा आठवडा लंगडत काढतात.